कूलंटचा दिवा पुन्हा पुन्हा लागतोय? पाणी टाकण्याआधी हे बघा

जुन्या गाडीत कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, दिवा लागला की आपल्याकडं इलाज ठरलेला असतो. बॉनेट उघडायचं, कूलंटच्या बाटलीत पाणी ओतायचं, दिवा विझला की निघायचं. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. मार्च उलटला की दोन वेळांमधलं अंतर कमी होत जातं आणि लग्नसराईत एखाद्या दुपारी, गाडीत सहा माणसं आणि एसी फुल असताना, मांजरसुंब्याच्या घाटात गाडी वाफ सोडत उभी राहते. तिथून पुढं खर्च इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवण्यापर्यंत जातो.

इंजिनाची पाण्याची यंत्रणा बंद असते. पेट्रोलसारखं कूलंट खर्च होत नाही. धडधाकट गाडीत महिनोन्महिने बाटलीतली पातळी जवळपास तिथंच राहते, मग गाडी पंधरा वर्षांची का असेना. दर आठवड्याला पाणी टाकावं लागत असेल तर ते कुठून तरी बाहेर पडतंय, आणि ती जागा सापडते. त्यासाठी लगेच महागडं मशीन लागत नाही. दिवा नेमका केव्हा लागतो हे नीट बघितलं तर अर्धं काम तिथंच होतं.

दिवा कोणता आणि केव्हा

लाटांवर उभा असलेला थर्मामीटर लाल रंगात दिसला तर इंजिन जास्त तापलंय. तोच निळा दिसला तर इंजिन अजून थंड आहे. काही मिनिटांत तो आपोआप जातो, त्याची काळजी नको. पिवळा दिवा किंवा टाकीचं चित्र असेल तर पातळी कमी आहे. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या जुन्या गाड्यांत पातळी कमी झाली तरी आणि तापमान वाढलं तरी एकच लाल चिन्ह लुकलुकतं आणि बीप वाजतो, म्हणून त्या गाड्यांत लगेच काट्याकडं बघायचं. मारुती ८०० सारख्या जुन्या छोट्या गाड्यांत पातळीचा दिवाच नाही, फक्त काटा आहे. तिथं काटा बोलेपर्यंत पाणी बरंच कमी झालेलं असतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पाणी फारच कमी झालं की तापमानाचा सेन्सर पाण्याबाहेर, वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि काटा उलटा खाली येतो. चढाला तापलेली गाडी अचानक थंड दाखवायला लागली आणि हीटर लावल्यावर गार हवा आली, तर गाडी ताबडतोब बाजूला घ्या. काटा खाली आलाय म्हणून पुढं रेटलेली इंजिनं सगळ्यात वाईट हालतीत गॅरेजला येतात.

आता ‘केव्हा’ हा प्रश्न. सकाळच्या पहिल्या स्टार्टला दिवा लागतो आणि गाडी तापली की विझतो, असं असेल तर पातळी थोडीच कमी आहे. थंड पाणी आकसतं, तापलं की फुगतं. वळणावर, ब्रेक मारताना किंवा चढावर क्षणभर लागत असेल तरी तेच, पाणी सेन्सरच्या काठावर हिंदकळतंय. खड्ड्यात गाडी आदळली की लागतो, पुढच्या खड्ड्याला विझतो, तर वायरिंगकडं बघा.

गाडी उभी असताना, रेल्वे फाटकाला किंवा उसाच्या ट्रॉलीमागं रांगत जाताना काटा चढतो आणि मोकळा रस्ता मिळाला की उतरतो, तर पंख्यात दोष आहे. चालत्या गाडीत समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्यानंच मिळतो. याच्या उलट, गावात ठीक पण समृद्धीवर किंवा सोलापूर-धुळे हायवेवर वेग धरला की काटा चढतो, तर रेडिएटरमधून पाणी किंवा हवा पुरेशी जात नाही. आणि रात्रभर थंड झालेली गाडी चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा होज पाइप हाताला टणक लागायला लागला, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि इंजिन यांच्या मधल्या सीलचा, संशय घ्यायचा.

म्हणून पहिलं काम असं करा. बाटलीवर मार्करनं आजच्या पातळीची रेघ मारा. रोज सकाळी, गाडी सपाट जागी आणि थंड असताना, चालू करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. आठवडाभरात पाणी खरंच उतरतंय की नाही ते डोळ्यांना दिसेल. पातळी हलत नसेल आणि दिवा तरीही लागत असेल तर शोध वायरिंगचा आहे. पातळी उतरत असेल तर शोध गळतीचा आहे. पातळी ठीक आणि गाडी खरंच तापतेय, तर शोध पंखा, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व) आणि रेडिएटरचा आहे. या तिन्हींची सरमिसळ झाली की गॅरेजमध्ये एकेक पार्ट बदलत पैसे जातात.

पातळी ठीक, तरी दिवा

हे लवकर उरकतं. पातळीचा सेन्सर बहुतेक गाड्यांत बाटलीच्या बुडाशी असतो. त्याचा प्लग काढून बघा, पिनांवर हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून साफ करा. काही गाड्यांत सेन्सर म्हणजे पाण्यात बुडालेल्या दोन पिना असतात. पाण्यातून वीज वाहिली की पाणी आहे असं गाडी समजते. त्या पिनांवर क्षार चढला की भरलेल्या टाकीतही दिवा लागतो. टाकी काढून लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्यात भिजवली की क्षार सुटतो. अशा गाडीत नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरलं तरी दिवा जात नाही, कारण शुद्ध पाण्यातून वीज जवळपास वाहतच नाही. त्यात कूलंट मिसळलेलंच हवं.

शेतात, आखाड्यावर किंवा गोठ्याशेजारी गाडी लावत असाल तर उंदरांनी वायर कुरतडली आहे का ते आधी बघा. बॅटरीखालची आणि रेडिएटरच्या वरून जाणारी वायर त्यांच्या आवडीची. नुसती टेप गुंडाळून भागवू नका, जोड झाळून वर स्लीव्ह चढवा. पावसाळ्यात टेपमध्ये पाणी शिरून दिवा पुन्हा सुरू होतो.

तापमानाच्या सेन्सरवर संशय असेल तर मल्टिमीटरनं रोध मोजा. बहुतेक सेन्सर थंड असताना, म्हणजे २०-२५ अंशांना, साधारण दोन ते तीन किलोओम दाखवतात आणि ९० अंशांच्या आसपास दोन-तीनशे ओमवर येतात. तापताना आकडा अखंड उतरत गेला पाहिजे, मध्येच उडी मारायला नको. २०१० नंतरच्या बऱ्याच गाड्यांना मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर चालतो. त्यावर खरं तापमान अंशांत दिसतं, आणि काट्यापेक्षा ते कधीही भरवशाचं.

पातळी उतरतेय: सुरुवात झाकणापासून

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित पार्ट म्हणजे रेडिएटरचं झाकण. लोक ते नुसतं बूच समजतात. त्यात दोन वॉल्व असतात. एक ठरावीक दाब होईपर्यंत पाणी आत धरून ठेवतो. हा दाब झाकणावर ०.९ किंवा १.१ असा बारमध्ये छापलेला असतो. दुसरा वॉल्व गाडी थंड होताना उघडतो आणि बाटलीत गेलेलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढून घेतो.

दाबाचं महत्त्व आकड्यात बघा. बीड, लातूर, धाराशिव हा बालाघाटाचा पठारी भाग समुद्रसपाटीपासून पाचशे-सहाशे मीटर उंच आहे, इथं उघड्यावर साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरचा पंखाच मुळी बऱ्याच गाड्यांत ९५ अंशांच्या पुढं सुरू होतो. म्हणजे झाकण दाब धरत नसेल आणि आत नुसतं पाणी असेल, तर पंखा लागायच्या आणि पाणी उकळायच्या वेळेत फरकच उरत नाही. तेच झाकण एक बार दाब धरत असेल तर पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि निम्मं कूलंट निम्मं पाणी असेल तर १२५ च्या पुढं. आपल्याकडच्या ४२-४४ अंशांच्या दुपारी हा फरक गाडी चालण्या-थांबण्याचा आहे.

झाकण बिघडल्याची खूण अशी: बाटली भरलेली, कधी कधी तर वाहून गेलेली, आणि रेडिएटर मात्र रिकामा. आतला परतीचा वॉल्व अडकला की पाणी बाटलीत जातं पण परत येत नाही. बाटली बघून समाधान मानणारा माणूस इथं फसतो. ज्या गाडीत झाकण रेडिएटरवर आहे, तिथं गाडी पूर्ण थंड असताना झाकण उघडून पाणी काठोकाठ आहे का ते बघायलाच हवं. दुसरी खूण म्हणजे थंड झालेल्या गाडीचा वरचा होज आत चपटा झालेला. झाकणाच्या रबराला चिरा असतील, स्प्रिंग सैल लागत असेल तर नवं घ्या, पण त्याच आकड्याचं. ‘जास्त दाबाचं टाकतो, पाणीच उडणार नाही’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. जुना रेडिएटर आणि जुने होज तो जादा दाब सोसत नाहीत.

काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, टाकीलाच दाबाचं झाकण असतं. त्यात टाकीच्या प्लॅस्टिकला शिवणीवर केसासारखी चीर जाते. ती फक्त तापल्यावर उघडते. पिवळी पडलेली टाकी काढून उजेडात धरली की चीर दिसते. एम-सील लावून चार दिवस निघतात, जास्त नाही. टाकीच बदला.

झाकणानंतर होज. प्रत्येक जोड बोटानं चाचपा. जिथून पाणी झिरपतं तिथं कूलंटच्या रंगाचा कोरडा पापुद्रा जमलेला असतो, गुलाबी किंवा हिरवट पांढरा. ओल शोधू नका, पापुद्रा शोधा, कारण तापलेल्या इंजिनावर थेंब पडला की उडून जातो. मग वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप. त्याच्या अंगाला खालच्या बाजूनं एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून गळतं, ते मुद्दाम त्यासाठीच ठेवलेलं आहे. ते भोक बुजवायच्या भानगडीत पडू नका, पाणी बेअरिंगमध्ये शिरेल. ज्या गाडीत वॉटर बॉडी टायमिंग बेल्टवर चालते, तिथं बेल्टही त्याच वेळी बदलून घ्या, मजुरी एकदाच लागते.

बाहेर काहीच सापडलं नाही तर डावीकडच्या पायाखालची मॅट उचला. कार्पेट ओलसर, चिकट आणि केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर आतून तेलकट धुकं, असं असेल तर डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय.

गॅसकिट असलेली गाडी

ही वेगळी सांगतो, कारण आपल्या भागात जुन्या गाड्या एलपीजी-सीएनजीवर भरपूर आहेत आणि इथली गळती भल्याभल्यांना सापडत नाही. गॅसचा दाब कमी होताना तो गार पडतो. म्हणून हा दाब कमी करणाऱ्या रेड्यूसरला ऊब द्यायला इंजिनाचं गरम पाणी फिरवलेलं असतं. त्यासाठी हीटरच्या होजला टी-जॉइंट मारून दोन नळ्या काढतात. म्हणजे कंपनीनं दिलेल्या जोडांखेरीज आणखी पाच-सहा जोड, आणि बहुतेक इंजिनाच्या मागं, जिथं हात जात नाही.

माझे दाजी अंबाजोगाईला असतात. त्यांच्या जुन्या गाडीचा हाच त्रास होता. फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, “लाइट परत लागायलाय बघ. पाणी तर परवाच टाकलंय.” गॅरेजवाल्याचं म्हणणं, “उन्हाळ्यात सगळ्याच गाड्यांचं पाणी कमी होतंय की, भाऊ.” जमिनीवर थेंब नाही, धूर नाही, ऑइल स्वच्छ. पण दाजींनी बोलता बोलता सांगितलं की सकाळी पेट्रोलवर गाडी छान चालते आणि गॅसवर गेली की धक्के मारते. बॉनेट उघडून बघितलं तर रेड्यूसरवर दहिवर जमलेलं, हाताला बर्फ. रेड्यूसर उंचावर असतो. पाणी कमी झालं की पहिल्यांदा तिथलंच फिरणं थांबतं. दिवा लागायच्या आधी गाडीनं ही खूण दिलेली होती.

रेडिएटरवाल्याकडून प्रेशर टेस्टर आणला. झाकणाच्या जागी बसवायचा हातपंप असतो, त्यानं थंड इंजिनात एक बारच्या आसपास दाब भरला. झाकणावर छापलाय त्याहून जास्त भरायचा नसतो. घड्याळाचा काटा अगदी हळू, पण उतरत होता. टॉर्च आणि दाढीचा छोटा आरसा घेऊन इंजिनामागं बघितलं. प्लॅस्टिकच्या टी-जॉइंटभोवती गुलाबी पापुद्रा, आणि त्याच्या बरोब्बर खाली सायलेन्सरच्या पाइपवर वाळलेला ओघळ. थेंब गरम पाइपवर पडायचा आणि तिथंच उडून जायचा, म्हणून जमीन कायम कोरडी. गळती थांबवायला कुणीतरी क्लिप इतकी आवळली होती की होजचं रबर कापलं गेलं होतं. पितळी टी, नवा होज, नव्या क्लिपा एवढंच काम निघालं. दिवा त्यानंतर लागलेला नाही.

गॅसकिट असेल तर रेड्यूसरकडं जाणाऱ्या दोन्ही नळ्यांवर हात ठेवून बघा. इंजिन तापल्यावर दोन्ही गरम लागल्या पाहिजेत. एक गरम, एक गार, तर आत चोक आहे किंवा हवा अडकलीय.

हेड गॅस्केटची शंका

बाहेर कुठंच गळती नाही आणि पाणी जातंच आहे, तर ते इंजिनात जळतंय का ते तपासायचं. थंड इंजिनात झाकण उघडं ठेवून गाडी चालू करा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा. पण ते थांबतच नसतील, रेस केल्यावर वाढत असतील, तर सिलिंडरचा दाब पाण्यात शिरतोय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ लोणी, सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही दाट पांढरा गोडसर धूर, सकाळी स्टार्टला एखाद्या सिलिंडरचा मिस, या पुढच्या खुणा. फक्त थंडीतल्या छोट्या फेऱ्यांमुळंही झाकणाखाली थोडा दुधाळ थर जमतो, तेवढ्यावरून हेड उतरवू नका.

खात्रीची परीक्षा म्हणजे निळ्या द्रावणाची. रेडिएटरच्या तोंडावर द्रावण भरलेली नळी धरून आतली हवा द्रावणातून ओढतात. जळालेला वायू आत येत असेल तर द्रावण पिवळं पडतं. हे दहा मिनिटांचं काम हेड उतरवायच्या आधी कराच. आणि हेड उतरवलं तर फेसिंग, म्हणजे गॅस्केट बसतं तो पृष्ठभाग, सरळ आहे का ते पट्टीनं मोजून घ्या. वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट बसवलं की दोन महिन्यांत पुन्हा तिथंच.

पाणी आहे, तरी गाडी तापते

पंखा तपासायला एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी चालू होताच रेडिएटरचा पंखा फिरतो. एसीला फिरतो पण इंजिन तापल्यावर आपण होऊन फिरत नाही, तर पंखा चांगला आहे, सेन्सर किंवा स्विच गेलाय. दोन्हीला फिरत नाही तर फ्यूज, रिले, मग मोटार. काठीनं ढकलल्यावर फिरायला लागणाऱ्या मोटारीचे कार्बन संपलेले असतात. हात घालताना चावी बंद आणि बॅटरीची वायर काढलेली हवी, गरम इंजिनात पंखा कधीही सुरू होतो. ‘पंखा डायरेक्ट करून टाकतो’ हा उपाय अडचणीत घरी पोचण्यापुरता ठीक आहे. कायमचा केला तर मोटार अकाली जाते आणि खरा दोष झाकला जातो.

मग रेडिएटरची जाळी. दसऱ्याच्या सुमारास रस्त्यावर सोयाबीनची मळणी, त्यानंतर कापसाच्या गाड्या. भुसकट आणि कापसाचे तंतू एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत जाऊन बसतात. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, कारण घाण मधल्या सांध्यात असते. रेडिएटर सैल करून पुढं कलवला की गादीसारखा थर निघतो. पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला मारायचं, साध्या नळाच्या दाबानं. वॉशिंग सेंटरच्या पंपानं जवळून मारलं तर पत्र्याच्या पात्या आडव्या होतात आणि मग हवा कायमची बंद.

थर्मोस्टॅटबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडं फार जुनी खोड आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करत असतो. तो काढला की पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरतं आणि गाडी आणखी तापते. बाकी इंजिनांत गाडी कायम गार राहते, इंजिनाला पेट्रोल जादा लागतं, झीज वाढते. तो तपासणं सोपं आहे. जुन्या, पुन्हा स्वयंपाकाला न वापरायच्या भांड्यात पाणी तापवा, थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून बुडाला न टेकता सोडा. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा असतो. त्या तापमानाला उघडायला सुरुवात झाली पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत चांगला उघडला पाहिजे. नाही उघडला तर नवा टाका, पण टाका.

बोअरचं पाणी

मराठवाड्यातल्या जुन्या गाड्यांत दिवा पुन्हा पुन्हा लागायचं मूळ बहुतेक वेळा इथं सापडतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. अशा मुलुखात गाडीला कुठलं पाणी टाकायचं याचा विचार कोण करणार? जे हाताशी असेल ते, बोअरचं किंवा टँकरचं. आपल्याखाली काळा बेसाल्ट आहे, खोल बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. कितीतरी बोअरचं पाणी त्याच्या कितीतरी वर असतं.

हे क्षार तापल्यावर पाण्यात राहत नाहीत, जिथं सगळ्यात जास्त गरम तिथं बसतात. इंजिनात ती जागा म्हणजे हेडमधल्या पाण्याच्या वाटा. पाणी तापवायच्या बंबात जमतो तसा पांढरा थर तिथं चढतो, आणि तो उष्णता अडवतो. आता गळतीची गाठ याच्याशी कशी पडते ते बघा. गळतीतून वाफ जाते, क्षार मागं राहतात. आपण पुन्हा बोअरचं पाणी ओततो, नवे क्षार येतात. शिवाय दर वेळी कूलंट पातळ होत जातं आणि त्यातलं गंज रोखणारं औषध संपतं. मग गंज, मग पंपाचं सील, मग नवी गळती.

कूलंट म्हणजे थंड मुलखातल्या गाड्यांसाठीची चैन, हा समज आधी काढून टाका. आपल्याला ते उकळणं लांबवायला आणि गंज थांबवायला लागतं. पण निव्वळ घट्ट कूलंटही भरू नका, उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे. रेडीमिक्स घेतलं तर तसंच ओता. कॉन्सन्ट्रेट घेतलं तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत टाकतात तेच. रंगावरून कूलंट ठरवू नका. हिरवं म्हणजे अमुक, गुलाबी म्हणजे तमुक असा सगळ्या कंपन्यांना लागू नियम नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं घ्या, आणि आत आधी काय होतं माहीत नसेल तर सगळं काढून नवं भरा. दोन जातींची सरमिसळ झाली तर कधी कधी आत गाळ धरतो.

गाळ आणि क्षार निघेपर्यंत फ्लश करायचा. थंड इंजिनात खालचा होज काढून पाणी सोडा, हीटर फुल गरमवर ठेवा म्हणजे तिथलंही निघतं. स्वच्छ पाणी भरून गाडी तापेपर्यंत चालवा, थंड होऊ द्या, पुन्हा सोडा. पाणी स्वच्छ येईपर्यंत. शेवटची फेरी डिस्टिल्ड वॉटरची. थर जाड असेल तर कूलिंग सिस्टिमसाठीचं तयार क्लीनर वापरा. कपडे धुवायचा सोडा किंवा फरशीचं ॲसिड ॲल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये अजिबात नको, पत्रा खाऊन टाकतं. जुना पितळी रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला डोकं उघडून नळ्यांत सळई फिरवून साफ करू शकतो. प्लॅस्टिक टाकीचा ॲल्युमिनियमचा असेल तर बदलणंच परवडतं.

भरताना घाई केली की एअर लॉक होतो, म्हणजे आत हवा अडकते. गाडीचं तोंड थोडं चढाला, हीटर गरमवर, एअर काढायचा स्क्रू असेल तर उघडा, आणि बारीक धारेनं भरा. इंजिन चालू करून पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा, होज मधूनमधून दाबा. गाडी थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा, पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडी उतरते, तेवढी भरून घ्या. त्यानंतर मार्करची रेघ हलता कामा नये.

रस्त्यात लाल दिवा लागला तर

एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल. उन्हाळ्यात नको वाटतं, पण त्यानं इंजिनाची उष्णता केबिनमध्ये ओढली जाते आणि सुरक्षित जागा गाठायला वेळ मिळतो. काटा लालमध्येच राहिला किंवा वाफ दिसली तर इंजिन बंद. बऱ्याच गाड्यांत चावी ऑनवर ठेवली की पंखा फिरत राहतो, तो फिरू द्या. अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावायचा नाही. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असतं आणि झाकण फिरवताच तोंडावर येतं. होज दाबल्यावर मऊ लागला की जाड फडका ठेवून पाव फेरा फिरवा, दाब जाऊ द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनावर बाहेरून गार पाणी ओतू नका आणि आतही एकदम नको, हेड तडकतं. कूलंट नसेल तर पिण्याच्या जारचं पाणी हळूहळू टाकून घर गाठा, पण ते आत ठेवून उन्हाळा काढू नका.

काढलेलं जुनं कूलंट नालीत किंवा अंगणात सोडू नका. त्यातलं ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळं कुत्री आणि जनावरं ते चाटतात. जुन्या कॅनमध्ये भरून, वर ‘विष’ लिहून ठेवा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. सांडलेल्या जागी माती टाकून ती उचला. एखाद्या जनावरानं प्यायल्याची शंका आली तर लक्षणं दिसायची वाट न बघता लगेच जनावरांच्या दवाखान्यात न्या आणि काय प्यायलंय ते डॉक्टरांना सांगा.